एकवीस चिपांची पेटी

“बाहेर बसलाय त्याला कॉफी नेऊ नको गे.”

काकूंनी हे माझ्या अम्माला सांगितलं, तेही हळू आवाजात. मी स्वयंपाकघराच्या दाराशी केळीची पानं पुसत बसले होते म्हणून मला ऐकू आलं. अम्माने ताटलीत मांडलेल्या पेल्यांतला एक उचलून मागे ठेवला आणि का म्हणून विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. बाहेर कोण आहे आणि त्याला आमच्या घरात काय द्यायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तो माधवकाकांच्या तेराव्याचा दिवस होता. पुढच्या ओट्यावर, अंथरलेल्या जमखान्याच्या अगदी कडेला, अर्धे जमखान्यावर आणि अर्धे फरशीवर असे वरदन बसले होते. पंच्याहत्तरीच्या आसपासचा वाळका माणूस, कमरेला धुवट वेष्टी म्हणजे पांढरं लुंगीवजा धोतर, आणि शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी लाइन टेस्टर. गावातल्याच मेलकावेरीहून ते चालत आले होते. आमच्या उंबऱ्याशी यायला त्यांना चाळीसएक वर्षं लागली होती, आणि पानं पुसता पुसता मला एवढंच कळत होतं की आपण उठून बाहेर जायला हवं आणि आपण उठत नाही आहोत.

माधवराव, म्हणजे माझ्या अप्पांचे थोरले भाऊ, जाऊन आता सहा आठवडे झाले. कुंभकोणमात आम्हा मराठी बोलणाऱ्यांना रायर म्हणतात. त्यात हे कम्प्यूटर रायर. या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहाल का, असं मला विचारलं गेलं ते या नावामुळेच. तंजावरकडच्या एका मराठी माणसाने, फार थोड्यांनी कम्प्यूटर डोळ्यांनी पाहिला होता त्या काळात, वरच्या खोलीत बसून घरगुती कम्प्यूटर बनवला, ही गोष्ट लांबून गोड वाटते. ती गोड नाही. काका मला आवडत नसत. मी त्यांना आवडत होते असंही नाही. मी त्यांच्या सोयीची होते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मलाही शिकवलेलं आहे… पण त्यांच्याबद्दल फक्त चांगलं लिहायचं ठरवलं तर अर्ध्या पानात संपेल, आणि तेही खोटं होईल. आमच्या घरची मराठी पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना पणजीच्या तोंडची वाटायची. नोकरीच्या निमित्ताने तिथे चार वर्षं राहिले तेव्हा मी लिहायची मराठी शिकले. म्हणून घरातलं बोलणं इथे बरंचसं सरळ करून लिहिते आहे, आणि बाहेरच्यांशी झालेलं तमिळ बोलणंही मराठीतच.

मी सातवीत होते तेव्हा त्यांनी मला वर बोलवायला सुरुवात केली. इंग्रजी शाळेत कधी हात वर न करणारी मुलगी, पाहुणे आले की मागच्या अंगणात जाऊन बसणारी. काका-काकूंना मूल नव्हतं, आणि काकांना बोलायला कुणीतरी लागायचं जे मधे बोलणार नाही. “मौनीबाई, वर या,” अशी हाक जिन्यावरून यायची. माझं नाव मालती आहे. ते त्यांनी एकदाही घेतल्याचं मला आठवत नाही. वरच्या खोलीत पत्र्याखाली उकडायचं, फळ्यांवर उघडे टीव्ही, तारांची भेंडोळी, आणि मधल्या टेबलावर ते एखादी काळी चिप ठेवून विचारायचे, सातवा पाय कशाचा? मी चुकले की पकडीच्या मुठीने माझ्या बोटांवर टकटक करायचे. फार लागत नसे. लागायचं ते बोलणं. एकदा न समजताच मान हलवली तर म्हणाले, यापेक्षा भिंत बरी, ती निदान खोटं बोलत नाही. सणाला नातेवाईक जमले की सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून सांगत, हिला शिकवणं म्हणजे आडात खडे टाकणं, आणि आड असा की आवाजसुद्धा येत नाही. सगळे हसत. अप्पाही.

पण शिकवत ते चोख. घरगुती कम्प्यूटरसाठी प्रोसेसर निवडायचा म्हणजे काय करायचं, हे पुढे कुठल्याही कॉलेजात मला कुणी इतकं नीट सांगितलं नाही. बाजारात तेव्हा आठ बिटांचे दोन-तीन प्रोसेसर मिळायचे. एक स्वस्त, एक चांगलाच महाग. शहाणा माणूस कुठला घेईल, असं विचारून ते माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मग सांगायचे. मेमरीच्या स्वस्त चिपा विसरभोळ्या असतात. त्यांना क्षणोक्षणी हलवून जागं ठेवावं लागतं, नाहीतर लिहिलेलं सगळं पुसून जातं. स्वस्त प्रोसेसर हे काम अंगावर घेत नाही, त्याच्यासाठी आणखी चार चिपा बसवा. महाग प्रोसेसर हातातलं काम करता करता तेवढं उरकून टाकतो. म्हणजे प्रोसेसर महाग घेतला की पेटी स्वस्त होते. “चिपेची किंमत बघायची नसते, मौनीबाई. अख्ख्या पेटीची बघायची.” मी आता बंगळूरला असते, चिप प्रत्यक्ष तयार होण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकण्याचं काम करते, आणि हे वाक्य बैठकीत मनाशी अजून वापरते. कुणाचं आहे ते कुणाला सांगत नाही.

पेटी हे नाव त्या कम्प्यूटरचं. आमच्या बोलीत आणि तमिळमध्ये हा शब्द एकच, त्यामुळे दुसरं नाव ठेवायची गरज कुणाला पडली नाही. ती दोघांनी मिळून बनवली होती. वरदन आणि काका एका पॉलिटेक्निकात शिकलेले, एका सायकलवर डबलसीट हिंडलेले. वरदन यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक कशाला घाबरतं, कशाला भुलतं हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागात घरोघरी कम्प्यूटर कशाला लागेल, या प्रश्नाला त्यांनीच उत्तर काढलं: पत्रिका. तिरुनागेश्वरम् इथून हाकेच्या अंतरावर. राहूच्या शांतीसाठी तिथे लांबलांबून माणसं येतात, देवळाभोवतीचे ज्योतिषी पंचांग उघडून बोटांवर हिशेब मांडत बसतात, एकेका कुंडलीला अर्धा दिवस जातो. जन्मवेळ घातली की घरातल्या टीव्हीवर कुंडली उमटवणारी पेटी त्यांना मिळाली तर? कल्पना खरोखर हुशारीची होती. मला ती आजही हुशारीची वाटते.

मग आला पडद्याचा प्रश्न. टीव्हीवर अक्षर दिसायचं तर सेकंदाला पन्नास वेळा पडदा वरपासून खालपर्यंत रेघारेघांनी भरावा लागतो. हे काम एक वेगळी चिप करते, पण ती परदेशाहून मागवावी लागे, महाग असे, आणि तिच्यासोबत तिची वेगळी मेमरी आणि इतर सटरफटर येई. दुसरा मार्ग असा की रेघा ओढायचं काम प्रोसेसरच्याच गळ्यात मारायचं. मग प्रोसेसरचा बहुतेक वेळ रेघा ओढण्यात जातो आणि उरलेल्या सवडीत तो हिशेब करतो. त्या सवडीत कुंडली मांडायची तर पाव तास लागायचा. रेघा थांबवून, पूर्ण लक्ष देऊन मांडली तर चार मिनिटं. मात्र ती चार मिनिटं पडदा काळा. पेटी निघाली ती या दुसऱ्या मार्गाची, चार मिनिटांच्या काळोखाची. वेगळी चिप घातली असती तर सत्तावीस चिपा लागल्या असत्या. ही एकवीस चिपांत बसली. एकवीस हा आकडा काका असा सांगत, जसे लोक मुलाचे बोर्डातले मार्क सांगतात. त्या पेट्या, साठच्या आसपास, काकूंनी एकटीने सोल्डर केल्या. सकाळचा स्वयंपाक उरकून वर जायच्या, चारला खाली येऊन रात्रीच्या स्वयंपाकाला लागायच्या. एक माणूस दोन कामं करू शकत असताना दुसरा कशाला ठेवायचा, हे काकांचं घरातलंही धोरण होतं. काकूंच्या उजव्या तर्जनीचं टोक अजून गुळगुळीत आहे, तिथे ठसा उमटत नाही.

तिरुनागेश्वरमात जे झालं ते मी गावाच्या तोंडून थट्टा म्हणूनच ऐकलं आहे. समोर मुलीचा बाप बसलेला, ज्योतिषाने मुलीचं नाव, नक्षत्र, वेळ भरली, कळ दाबली, आणि पडदा काळा. उजेड गिळणाऱ्या राहूची शांत करायला माणूस त्या गावात येतो, आणि तिथे लेकीचं नाव उच्चारल्याबरोबर समोरचा दिवा जातो. बाप उठला आणि पायात चप्पल न घालताच निघून गेला. कुणी चार मिनिटांपुरतं टीव्हीवर रेशमी उपरणं टाकू लागला. मग लोक विचारू लागले, झाकलंत काय? एक म्हातारे ज्योतिषी पडदा काळा झाला की घाबरून बटण बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे, पुन्हा काळा, पुन्हा बंद… त्यांना त्या पेटीतून कुंडली कधी मिळालीच नाही. वर्षभरात पेट्या परत येऊ लागल्या. ‘रायरच्या पेटीत राहू फुकट मिळतो,’ असं बाजारात म्हणत. चिप आणि पाय आणि रेघा यांचा इतका विचार केलेल्या माणसाने, आपण ही वस्तू कुठल्या गावात विकायला ठेवतो आहोत याचा विचार केला नव्हता.

काकांनी घरात सांगितलं की हे वरदनचं काम. मद्रासला जाऊन सुटे भाग आणायचे ते वरदन. पडद्याची चिप त्यांनी परस्पर गाळली, आपल्याला शेवटच्या क्षणी अडकवलं, आणि मग आपण रात्रंदिवस एक करून कशीबशी एकवीस चिपांत पेटी उभी केली. ऐकणाऱ्यांना हे पटलं, कारण खरेदी खरंच वरदन करत असत. वरदन एकदा आमच्या आजोबांकडे पेटीच्या सर्किटचा नकाशा घेऊन आले होते म्हणे. आजोबांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि परत दिला. साऱ्या गावात तो नकाशा वाचू शकणारी दोनच माणसं होती, आणि भांडण त्याच दोघांत होतं. त्यानंतर त्यांचं येणं संपलं. त्यांनी दुकान मेलकावेरीला हलवलं आणि पुढे आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले. आमच्या घरात त्यांचं नाव घेत नाहीत, ‘तो’ म्हणतात. आमचा टीव्ही बिघडला तर ऑटोत घालून पार तिरुविडैमरुदूरला न्यायचे, मेलकावेरीला नाही. देवळात तो प्रसादाच्या रांगेत दिसला की काकू रांग सोडून द्यायच्या. त्यांच्या घरातल्या लग्नाच्या पत्रिका न उघडता परत गेल्या. कुणाचा राग कशावर होता हे माझ्या पिढीपर्यंत कुणाला नीट सांगताही येत नव्हतं, पण राग ताजा होता, रोज घासून ठेवलेल्या भांड्यासारखा.

दहावीत असताना मेलकावेरीच्या वळणावर माझ्या सायकलची साखळी निसटली. गणवेशाला काळे हात पुसत मी खटपट करत होते. दुकानातून वरदन उठून आले, मला बाजूला व्हायला सांगितलं, दोन बोटांनी साखळी चढवली आणि पेडल फिरवून बघितलं. मी कोण ते त्यांना माहीत होतं, कारण त्यांनी विचारलं, “काका काही शिकवतात का?” मी सायकलवर बसले आणि निघून आले. थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. घरी कुणी पाहिलं तर काय होईल याची भीती होती, हे खरं; पण ते पूर्ण खरं नाही. आपल्याला बोलता येत नाही हे एव्हाना माझ्या अंगवळणी पडलं होतं आणि त्याचा मला उपयोगही होऊ लागला होता.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत काकांनी मला वरच्या फळ्या पुसायला लावल्या. जुन्या सर्किटांच्या गठ्ठ्याखाली एक लांबट वही निघाली. पहिल्या काही पानांवर पेन्सिलीने काढलेला पेटीचा पहिला नकाशा होता, अक्षर वरदन यांचं, तमिळ. त्यात पडद्याची चिप होती. तिच्यावर लाल शाईची फुली होती, आणि शेजारी काकांच्या हातची ओळ. काका मराठी लिहायचे ते तमिळ लिपीत, आमच्याकडच्या पुष्कळ घरांत लिहितात तसं. म्हणजे वरदन यांना अक्षरं लागली असतील पण शब्द कळले नसतील. ‘हें नोको. प्रोसेसर आहे की रिकामा.’ पुढे काही पानांनंतर वरदन यांनी तमिळमध्ये सविस्तर लिहिलं होतं: पहिली पेटी तिरुनागेश्वरमला एका ओळखीच्याकडे लावून पाहिली, पडदा काळा झाल्यावर समोरची बाई उठून गेली, पेटी अशी विकू नये, वेगळी चिप घालावीच लागेल, दोनच महिने उशीर होईल. खाली पुन्हा ती चिप काढलेली. तिच्यावरही फुली, आणि ही इतक्या जोराने मारलेली की कागद फाटला होता. शेजारी फक्त एक आकडा. एकवीस.

ती वही घेऊन मी काकांसमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आपण होऊन काही विचारलं. बोट फुलीवर ठेवलं आणि म्हटलं, हे तुम्ही केलंत? ते चष्मा लावून बघत राहिले. मला वाटलं रागावतील, किंवा समजावून सांगतील, की एकवीस चिपांत बसवणं कसं सोपं नव्हतं, त्या प्रोसेसरची एकही धडधड त्यांनी वाया कशी जाऊ दिली नव्हती. ते मला समजलं असतं. खरं म्हणजे तो नकाशा सुंदर आहे. एवढ्या वर्षांनी, माझ्या धंद्यातल्या डोळ्यांनी बघूनही सुंदर आहे. त्यांना तो मोडवला नाही, एवढंच ते म्हणाले असते तरी मी त्यांची बाजू घेतली असती… कदाचित. ते हसले. वही माझ्या हातून काढून घेतली, होती तिथे ठेवली आणि म्हणाले, “सांग ना खाली जाऊन. सांगणार कोण, तू?”

मी खाली गेले आणि सांगितलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की गावात तो नकाशा वाचू शकणारं तिसरं माणूस त्यांनी स्वतःच तयार केलं होतं, पण निवडताना बघून निवडलं होतं. त्यानंतर पुण्याला गेले, बंगळूरला आले, दर सुट्टीला घरी जाऊन ‘तो’ हा शब्द ऐकत राहिले. काकूंची बोटं बघत राहिले. काकूंना सांगावं तर त्यांच्या हाती काय उरेल, असं मी मनाशी म्हणायचे. हे कारण चांगलं दिसायचं. मेलकावेरीच्या वळणावरून जाताना मी आता मान वळवून घ्यायचे, म्हणजे घरातले सगळे करायचे तेच, फक्त मला ते का चुकीचं आहे हे माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

काकांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात. श्वास लागत होता, पण जीभ शाबूत होती. माझा फोन हातात घेऊन विचारलं, यात प्रोसेसर किती? मी म्हटलं, एकाच चिपेत आठ. आठही काय करतात? मी खरं ते सांगितलं, बहुतेक वेळ झोपलेले असतात. त्यांनी फोन माझ्याकडे जवळजवळ फेकला. “तुमच्या पिढीला लाज नाही,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खुर्चीवर बसून राहिले. वरदन यांच्याबद्दल एक शब्द तरी निघेल, मला नव्हे तर काकूंना सांगून जातील, असं मी धरून चालले होते. काकू उशाशी बसून त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होत्या. दोन तास बसले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं ते पंखा मंद करायला सांगण्यासाठी.

तेराव्याच्या दिवशी पानं उठली, माणसं सुपारी घेऊन पांगली, तरी वरदन ओट्यावरच होते. त्यांना जेवायला कुणी बोलावलं नव्हतं आणि ते जात नव्हते. शेवटी अप्पा बाहेर गेले. मी दारात उभी राहिले. वरदन उठून उभे राहिले आणि म्हणाले, वरची खोली एकदा बघायची होती, पाच मिनिटं, हात लावणार नाही. अप्पांनी अतिशय सभ्यपणे, ‘सर’चं इकडचं ‘सार’ लावून विचारलं, आता तिथे न्यायला काय राहिलंय, सार? एवढ्यात काकू मला बाजूला सारून पुढे झाल्या. कपाळ मोकळं, नवी पांढरट साडी अजून कडक. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि या माणसाशी त्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलत होत्या.

“साठ पेट्या मी या बोटांनी जोडल्या,” त्या म्हणाल्या. “एक चिप तुम्ही गाळलीत आणि ते जन्मभर वरच्या खोलीत कुढत बसले. ते जायची वाट बघत होतात काय? वर कशाला जायचंय, ते बसायचे त्या खुर्चीत बसायला?”

वरदन यांचे ओठ हलले. “मी तेव्हाच सांगितलं होतं, अम्मा,” एवढंच ते काकूंना म्हणाले, आणि तेही अशा आवाजात की जणू ही ओळ त्यांनी इतक्या वेळा मनात म्हटली होती की आता तिला काही अर्थ उरला नव्हता. मग ते खाली बघून पायाने चपला चाचपू लागले. एक सापडली, दुसरी कुणाच्या तरी चपलांखाली गेली होती. अप्पा त्यांची ती शोधाशोध बघत होते. मलाही ती बघत राहता आली असती. ती सापडली असती, ते गेले असते, वरची खोली महिन्याभरात रिकामी झाली असती, वही रद्दीत गेली असती आणि मी बंगळूरची गाडी पकडली असती. काकूंच्या पाठीकडे बघत मी उभी होते. त्यांच्या खांद्यांची हाडं साडीतून दिसत होती. आता जे होईल ते यांच्यावर पडणार, हे मला दिसत होतं, आणि त्यांना वाचवायचं म्हणून त्या म्हाताऱ्याला आणखी एकदा त्या पायरीवरून खाली जाऊ देणं मला जमेना… माझा आवाज चिरका निघाला. मी तमिळमध्ये बोलले, म्हणजे काकूंना आणि त्यांना एकाच वेळी कळेल.

“काकू, ती चिप सारांनी नकाशात दोनदा घातली होती. दोन्ही वेळा काकांनी खोडली. वही वर आहे, मला ती वाचता येते. आणि हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.”